दुसऱ्या काट्याला पहिलं वजन सांगायचं नसतं

आदिलाबादकडच्या नार्नूरच्या बाजारात अमृतरावांना अमृतराव म्हणून फारसं कोणी ओळखत नसे. त्यांचं चालतं नाव ‘दोनकाटे’. हे नाव लोक पाठीमागे घेत, पण ते त्यांच्या कानावर होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. कोणी नवखा माणूस त्यांच्या गावाकडे निघाला की स्वतःच सांगत, “दोनकाट्याचं घर कोनतं म्हनून विचारजा. लहान पोट्टं बी दाखवीन.”

नाव पडलं ते कापसावरून. साल असेल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. अमृतराव कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन इचोड्याला गेले होते. व्यापाऱ्याच्या काट्यावर वजन झालं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. घरून भरताना कापूस स्वतः पायानं तुडवून भरलेला, त्या मानानं हे वजन फारच हलकं होतं. त्यांनी “बैलायले पानी पाजून येतो,” म्हणून बंडी बाहेर काढली आणि नागपूर रस्त्याच्या पलीकडं दुसऱ्या काट्यावर नेऊन उभी केली. तिथल्या माणसानं विचारलं, “तिकडे किती भरली?” अमृतराव म्हणाले, “कोठीच तोलली नाही अजून.” वजन झालं, आणि अर्ध्या क्विंटलाच्या वर फरक निघाला. मग भर बाजारात त्या व्यापाऱ्याची अशी बिनपाण्यानं हजामत झाली की ट्रकवाले ढाब्यावरचा चहा टाकून बघायला आले.

त्या दिवसापासून अमृतरावांनी दोन नियम केले. एका काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला. आणि दुसऱ्या काट्याला पहिलं वजन सांगायचं नाही, हा दुसरा. या दुसऱ्याचा त्यांना फार अभिमान होता. “सांगतलं का तो बी तेवढंच दाखवते,” ते म्हणत. “चोर चोर मावसभाऊ.”

नियम कापसापुरता राहिला असता तर माणूस शहाणा ठरला असता. पण सवय म्हणजे गाजरगवत, एकदा शेतात शिरलं की बांध पाहत नाही. अमृतराव बैल घेताना त्याचे दात दोन जाणकारांना वेगवेगळे दाखवत. मोठा मुलगा महिपत याचं लग्न ठरवताना एकाच मुलीची चौकशी त्यांनी दोन गावांत केली, आणि तीही अशी की या गावाला त्या गावाचा पत्ता नाही. त्यांची बायको देवकाबाई एकदा म्हणाली, “माह्या टायमाले दुसरा काटा नाही पाह्यला वाटते तुमी?” तर म्हणाले, “तुह्या बापानं फुरसत कोठी देली?” देवकाबाई हसली. ती हसायची तेव्हा आवाज शेजारच्या घरात जायचा.

शहाण्णव साल आलं. अमृतरावांची साठी उलटून गेली होती. लघवीला त्रास सुरू झाला. आधी रात्रीतून दोनदा उठत, मग किती वेळा ते मोजणंच सोडलं. धार बारीक, बसमध्ये बसले की जीव कासावीस. एकदा उटनूरच्या बसमध्ये ड्रायव्हरला दोनदा गाडी थांबवायला लावली, तेव्हा मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून त्यांनी बाजाराला जाणं सोडलं. हा आजार असा की सांगायलाही लाज आणि लपवायलाही जागा नाही. शेवटी देवकाबाईनंच महिपतच्या कानावर घातलं आणि ती स्वतः त्यांना घेऊन नागपूरला गेली.

नागपूरचे डॉक्टर शांत माणूस होते. देवकाबाईला बाहेर बसवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. तिच्यात तयार होणारा एक पदार्थ थोडाथोडा रक्तात झिरपत असतो. तो किती झिरपला हे रक्त तपासून कळतं, त्या तपासणीला पीएसए म्हणतात. आकडा चारपर्यंत असला तर काळजी नाही. अमृतरावांचा आला नऊ.

“नऊ म्हणजे कॅन्सरच, असं नाही,” डॉक्टर म्हणाले. “वयानं ग्रंथी फुगते, तेव्हाही आकडा वाढतो. पण खात्री केलेली बरी. सुईनं तिचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवू. त्याला बायोप्सी म्हणतात.”

ती सुई कुठून घालतात हे अमृतरावांना टेबलावर आडवं झाल्यावर कळलं. सहा वेळा खटका वाजला आणि सहा वेळा त्यांनी खंडोबाचं नाव घेतलं. नंतर डॉक्टरांनी बजावलं की काही दिवस लघवीत रक्त दिसेल, घाबरायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, आणि दोन-तीन आठवड्यांनी येऊन रिपोर्ट न्यायचा. मधल्या दिवसांत रक्त पुन्हा तपासायचं नाही, हे मात्र ते बोलले नाहीत. बोलतील तरी कशाला? असं करणारा माणूस त्यांनी पाहिलाच नसेल.

घरी आल्यावर अमृतरावांच्या डोक्यात तो नऊ घुमू लागला. नऊ खरा कशावरून? एकाच काट्यावरचं वजन ते. नागपूरची मशीन खराब असली तर? कमी दाखवत असली तर? किंवा जास्त? सुई टोचून आठवडाही झाला नव्हता. एका सकाळी “फवाऱ्याचं औषध आनतो” म्हणून ते बाहेर पडले आणि बस धरून आदिलाबादला एका सर्जनकडे जाऊन बसले.

आदिलाबादचे डॉक्टर तेलुगू माणूस, पेशंटशी हिंदीत बोलत. त्यांनी तपासलं आणि विचारलं, “इसके पहले कहीं दिखाया? कोई जाँच हुई?”

अमृतरावांच्या तोंडून उत्तर आपोआप निघालं, “कहीं नहीं साब. पहले तुम्हारे पासच आया.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही खोटं नाही. डॉक्टरांनी रक्त घेऊन हैदराबादला पाठवलं. अमृतराव इमानदारीनं औषधाचा डबा विकत घेऊन घरी आले, आणि ठरल्या दिवशी रिपोर्टसाठी पुन्हा काहीतरी कारण काढून गेले.

आकडा आला त्रेचाळीस.

डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. मग खुर्ची जवळ ओढून घेतली, आणि ती ओढण्याच्या पद्धतीवरूनच अमृतराव समजले. इतका आकडा म्हणजे कॅन्सरचा दाट संशय, डॉक्टर म्हणाले. हाताला ग्रंथीही कडक लागते आहे. हैदराबादला जाऊन सुईनं तुकडे काढून घ्या, मग पुढचं ठरवू. सुईचं नाव निघताच अमृतरावांनी हात जोडले. “सुई नको साब. दुसरं काय बी करो.” डॉक्टरांनी बराच वेळ समजावलं, पण म्हातारा ऐकेना. तेव्हा ते म्हणाले की मग एक उपाय आहे. हा रोग पुरुषाच्या शरीरातल्या रसावर पोसतो. खालच्या दोन्ही गोळ्या काढून टाकल्या की त्याची उपासमार होते. ऑपरेशन छोटंच असतं, इथंच होईल.

अमृतराव हो म्हणाले. पुढच्या सोमवारची वेळ घेऊन ते बसस्टँडवर आले आणि दोन बसा समोरून गेल्या तरी उठले नाहीत. आयुष्यात त्यांनी कितीतरी गोऱ्हे बडवायला, खच्ची करायला धरले होते. पाय बांधून, मान दाबून, चार माणसांनी. आता आपण स्वतःच्या पायानं जायचं, आणि तेही जगायला मिळेल याची खात्री नसताना. पंधरा दिवसांपूर्वी नऊ होता, आज त्रेचाळीस. या चालीनं ज्वारी काढणीला येईपर्यंत आपण असू का?

एकदा त्यांच्या मनात येऊनही गेलं की दोन काट्यांत एवढा फरक कसा. पण त्याचंही उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं. दोन काट्यांत फरक आला तर ज्याला काहीच माहीत नाही तो काटा खरा. आदिलाबादच्या डॉक्टरला काही माहीत नव्हतं. ते आपणच त्याला माहीत होऊ दिलं नव्हतं. म्हणजे त्रेचाळीस खरा. बिचाऱ्यांनी हिशेब अगदी बरोबर केला आणि खड्ड्यात जाऊन पडले.

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, “आदिलाबादच्या डाक्टरले दाखवलं. लघवी मोकळी व्हाची म्हनून बारीकसं ऑपरेशन करते. सोमवारी जातो.”

“अन् नागपूरचा रिपोट?” देवकाबाईनं विचारलं.

“तो येईन तवा येईन.”

झाकली मूठ सव्वा लाखाची असं त्यांना वाटत होतं, पण मूठ झाकणाऱ्याला हे कळत नाही की बाकी सगळा माणूस उघडाच असतो. भाकरी अर्धी परत जाऊ लागली. महिपतवर ओरडणं बंद झालं. विहिरीवरची मोटार कुरकुरली तर एरवी घर डोक्यावर घेणारा माणूस म्हणाला, “राहू दे, पाहू.” गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहू लागले. देवकाबाईच्या भाजीत मीठ जास्त पडलं त्या दिवशी “चांगली झाली” म्हणाले, तेव्हा तर तिनं पळी खाली ठेवून ती भाजी स्वतः चाखून पाहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं.

अमृतराव भ्याले होते. एरवी ते साप पाहून भीत नसत, तलाठ्याला तर अजिबात नाही. पण आता दिवसाउजेडीसुद्धा त्यांना एकटं बसवत नसे. बोलावं असं दहादा वाटे. देवकाबाई ज्वारी पाखडत असली की जवळ जाऊन बसत, तोंड उघडत, आणि म्हणत, “दाना बारीक आहे.”

सोमवारी देवकाबाई बरोबर निघाली. “तुह्यं काय काम?” अमृतराव म्हणाले. ती म्हणाली, “माह्या खारट भाजीले घरी कोन चांगली म्हनन?” आणि पिशवी घेऊन पुढं चालू लागली.

दवाखान्यात फकिरा नावाचा कंपाउंडर होता, आदिलाबादचाच मराठी माणूस. ऑपरेशनच्या आधी पेशंटला नेहमीचे प्रश्न विचारायचं काम त्याचं. ताप आहे का, खोकला आहे का, साखरेचा आजार, कुठून रक्त जातं का. अमृतराव सगळ्याला मान हलवत “नाही, नाही” म्हणत होते. बाजूला बाकावर बसलेल्या देवकाबाईला इथंही तोच नियम चालला आहे हे ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, म्हातारा लाजतो आहे.

“नाही काय म्हनता?” ती म्हणाली. “अजी कंपोटर भाऊ, नागपूरच्या डाक्टरनं सुई टोचून तुकडे काढले ना, तवापासून लघवीत रक्त येते याइले. आता कमी आहे. पयले लयच होतं.”

अमृतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी असती तर गप्प झाली असती. फकिरानं लिहिता हात थांबवला. “सुई? कवा टोचली, माय?”

“मागच्या मंगळवारच्या मागचा... नाही, त्याच्या बी मागचा मंगळवार. मीच गेल्ती संगं.”

फकिरा उठला तो थेट आत. डॉक्टर हातमोजे घालायच्या बेतात होते, तसेच बाहेर आले.

“बाबा! बायोप्सी हुई थी?”

अमृतरावांनी मान खाली घातली. “हुई थी साब.”

“खून दिया उसके पहले कि बाद में?”

“बाद में. पाच-सहा रोज बाद.”

डॉक्टर मटकन त्याच बाकावर बसले, आणि देवकाबाई घाईघाईनं सरकली. काही वेळ त्यांना राग आणि हसू यांतलं आधी काय करावं ते सुचलं नाही. “मैंने पूछा था कि नहीं पूछा था?” ते म्हणाले. “पूछा था!”

मग त्यांनी हिंदीत आणि फकिरानं मराठीत सांगितलं ते असं. तो पदार्थ ग्रंथीच्या आत असतो, एरवी थोडाच बाहेर झिरपतो. ग्रंथीला सुयांनी भोकं पाडली की तो एकदम रक्तात येतो. मग आकडा चौपट होऊ दे नाहीतर दसपट, त्यावरून रोग वाढला असं म्हणता येत नाही. आत सूज आल्यामुळं ग्रंथी हातालाही कडक लागते. हे सगळं निवायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर रक्त तपासायचंच नसतं. तुम्ही ऐन चुकीच्या वेळी तपासलं आणि वर सांगितलंही नाही. त्रेचाळीस आहे, पण तो सुईचा त्रेचाळीस आहे. त्यात रोगाचा किती, हे देवालाही सांगता येणार नाही.

“म्हनजे क्यान्सर नाही?” अमृतरावांनी विचारलं.

“मालूम नहीं. वो नागपूर का रिपोर्ट बोलेगा. आज ऑपरेशन नहीं. जाओ, पहले वो लेके आओ.”

देवकाबाईनं तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नवऱ्याच्या संदर्भात ऐकला तो असा. मग तिनं फकिराला बाजूला घेऊन विचारलं की आज ऑपरेशन कशाचं होणार होतं, आणि फकिरानं, जरा इकडंतिकडं पाहत, सांगितलं.

तिथून ती दोघं सरळ नागपूरच्या बसमध्ये बसली. पांढरकवडा गेलं, हिंगणघाट गेलं, देवकाबाई खिडकीबाहेर पाहत होती. अमृतरावांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. एकदा “पानी पाह्यजे का?” आणि एकदा “ऊन लागून राह्यलं का?” तिनं दोन्ही वेळा मान हलवली, पण वळून पाहिलं नाही. आदिलाबादला धरलेला धीर तिच्या तोंडावर कुठंच दिसत नव्हता.

नागपूरला रिपोर्ट येऊन पडलेला होता. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “सहाच्या सहा तुकडे साफ आहेत. कॅन्सर नाही. वयानं फुगलेली ग्रंथी आहे, तिच्यावर गोळ्या देतो.”

अमृतरावांचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचा आवाज बाहेरच्या लोकांनाही गेला असेल, कारण एवढा मोठा माणूस टेबलाची कड धरून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. नागपूरच्या डॉक्टरांनी त्रेचाळीसची गोष्ट ऐकली तेव्हा कपाळाला हात लावला. दोन महिने रक्ताला हात लावू नका, मग या, तेव्हा खरा आकडा पाहू, असं त्यांनी लिहूनही दिलं आणि वाचूनही घेतलं.

बाहेर आल्यावर अमृतरावांना ऊन, रिक्षा, रस्त्यावरचा संत्रेवाला, सगळंच आवडू लागलं. चहा प्यावा, काही खावं असं त्यांच्या मनात होतं. मागं वळून पाहतात तर देवकाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसलेली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अवं, आता काऊन रडून राह्यली? साफ निंगाला ना!”

“साफ निंगाला म्हनूनच रडून राह्यली,” ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं आणि तिचा राग बाहेर आला. “किती दिवस तुमी एकल्यानं मरून राह्यले होते माह्या शेजारी बसून? दान्याच्या गोष्टी करत होते मासंग. अन् ते ऑपरेशन... मले काऊन नाही सांगतलं?”

“तुले भेव लागन म्हनून.”

“लागलंच असतं! मंग? दोघं मिळून भेलो असतो.”

 बाजारात भल्याभल्यांची तोंडं बंद करणारा माणूस पायरीवर तिच्या बाजूला बसला. चूक कबूल करायची सवय नव्हती, म्हणून जीभ वळत नव्हती. पण बस नार्नूरला पोचेपर्यंत त्यांनी तिच्यापासून लपवलेलं सगळं, बसस्टँडवर सोडलेल्या दोन बसांसकट, एकेक करून सांगून टाकलं. देवकाबाई मधे मधे “अरे देवा” म्हणत होती आणि मधे मधे त्यांच्या मांडीवर चापट मारत होती.

गोळ्यांनी फरक पडला. धार मोकळी झाली, झोप लागू लागली. कापूस वेचून झाला, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दोन महिने उलटल्यावर दोघं पुन्हा नागपूरला गेली. सकाळी रक्त दिलं. आकडा दुपारनंतर मिळणार होता. दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसली. आतून एकेकाचं नाव पुकारत होते. अमृतरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

मग ते देवकाबाईच्या बाजूला जरा सरकले आणि हळूच म्हणाले, “मले भेव लागून राह्यलं वं.”

देवकाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. चारचौघांत, दिवसाउजेडी, तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

“मले बी,” ती म्हणाली.

आतून नाव पुकारलं गेलं तेव्हा दोघंही एकदमच उठली. आकडा आठ होता. डॉक्टर म्हणाले, हा तुमचा स्वतःचा आकडा, फुगलेल्या ग्रंथीचा, आता वर्षातून एकदा येत जा. दोघांनी एकाच वेळी मान हलवली.